पोचा पडलेलं ताट

आमच्या घरात स्टीलचं एक ताट आहे. त्याच्या कडेला अंगठा मावेल एवढा पोचा आहे. ताटांच्या चळतीत ते नीट बसत नाही, वरची ताटं कलतात, आणि रात्री सगळी निजानीज झाल्यावर कधीतरी एखादं आपोआप घसरून 'टण्' वाजतं. गेल्या महिन्यात मनूच्या मैत्रिणी अभ्यासाला म्हणून आल्या होत्या. दहावीचं वर्ष, अभ्यासाला येणं म्हणजे चार तास बसणं आणि त्यातले दोन तास खाणं. एकीच्या पुढ्यात नेमकं ते ताट आलं. "हे असं कसं गं?" तिनं विचारलं, आणि मनूनं खुशीत येऊन गोष्ट सांगितली. आमच्या घरची ती ठरलेली गोष्ट आहे, पाहुणे आले की सांगायची. "अगं, कोरोनातलं ताट आहे ते. थाळ्या वाजवायच्या होत्या ना, तेव्हा आमच्या आईनं वाजवता वाजवता जोशात दुसऱ्या मजल्यावरून फेकूनच दिलं. कोरोनाच्या टाळक्यात बसावं म्हणून!" मुली खिदळल्या. एकीला ठसका लागला. मीही हसले. या गोष्टीला मी दर वेळी हसते, आणि माझ्या हसण्यानं ती पक्की होत जाते. पण त्या रात्री ताट वाजलं तेव्हा मला जाग आली आणि मग झोप लागेना.

२२ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळचे पाच. सोलापूरचं ऊन अजून गॅलरीच्या कठड्यावर होतं, लोखंडी गजाला हात लागला तर चटका बसत होता. समोरच्या बिल्डिंगमधून कुणी शंख फुंकत होतं, कुणी घंटा, कुणी कुकरचं झाकण. माझ्या डाव्या हातात ताट, उजव्या हातात पळी. सकाळपासून डावा हात कोपराच्या खाली रबरी मोजा घातल्यासारखा झाला होता. अशा हातानं वस्तू धरता येते, पण तिच्याकडे बघत असलो तरच. हाताला कळत नाही की आपण काही धरलंय. डोळे ते हाताला सांगत राहतात. मनू शेजारी उड्या मारत होती, ती म्हणाली, "आई, ते बघ, आजोबा डबा वाजवतायत," आणि मी बघितलं. तेवढंच. ताट कठड्यावरून गेलं, पार्किंगच्या पत्र्यावर आदळलं, तिथून फरशीवर, आणि फाटकापर्यंत गरगरत गेलं. क्षणभर सगळं थांबलं. मग टाळ्या आणि शिट्ट्या. तळमजल्यावरचे काका ओरडले, "वहिनी, मेला की ओ कोरोना!" मी हसून हात हलवला. आत जाऊन न्हाणीघराची कडी लावली, नळ सोडला आणि बादली भरून वाहायला लागेपर्यंत तिथेच बसून राहिले.

ताट सुटलं होतं. मी फेकलं नव्हतं.

आजाराची गोष्ट मला फार सांगावीशी वाटत नाही, पण थोडी सांगते. २०१४ ची संक्रांत, गड्डा यात्रेची गर्दी. डोळा फिरवला की डाव्या डोळ्यामागे दुखायचं. देवापुढं बसले असताना कुंकवाच्या करंड्याकडे लक्ष गेलं. उजव्या डोळ्यानं पाहिलं तर कुंकू कुंकवासारखं. उजवा झाकून डाव्यानं पाहिलं तर धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखं. मी कितीतरी वेळ एकेक डोळा झाकत बसले होते, सासूबाईंना वाटलं जप चाललाय. मग पाच दिवस स्टेरॉइडच्या सलाईन, तोंडात सतत लोखंडाची चव, पुण्याला एमआरआय, पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, आणि शेवटी तो शब्द: मल्टिपल स्क्लेरॉसिस. डॉक्टरांनी वायर आणि वायरवरचं प्लास्टिक असं समजावलं. सगळ्याच रुग्णांना तसंच समजावतात म्हणे: शरीराचीच संरक्षण यंत्रणा मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या वायरींचं वेष्टण कुरतडते. मला मात्र ते घरी आल्यावर अण्णांकडून कळलं. माझे वडील तीस वर्षं यंत्रमागावर होते. ते म्हणाले, "धागा तुटला तर माग बंद करून गाठ मारता येते, पोरी. नुसता झिजला तर माग चालूच राहतो. कापड पुढं गेल्यावर खोट दिसते."

घरात फक्त नवऱ्याला खरं माहीत होतं. सासूबाईंना आम्ही 'मणक्याचा त्रास' सांगितलं, कारण तेव्हा नणंदेचं लग्न जमवणं चालू होतं आणि घरात नसांचा, मेंदूचा आजार आहे असं बाहेर गेलं असतं तर... तुम्हाला माहीतच आहे. नणंदेचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, आणि मणक्याचा त्रास मात्र तसाच राहिला. खोट्याची हीच गंमत. त्याचं कारण संपतं, ते संपत नाही. शाळेतही कुणाला सांगितलं नव्हतं. फळ्यावर लिहिताना हात दुखतो म्हणून मी मुलांकडून गणितं सोडवून घ्यायचे, आणि 'मुलांना बोलतं करणाऱ्या बाई' असं माझं कौतुक व्हायचं.

ताट पडल्यानंतर तीन दिवसांनी पाडवा होता आणि त्याच दिवसापासून सगळं बंद. गुढीला लावायला कडुलिंब मिळाला, साखरेच्या गाठी मिळाल्या नाहीत. चार माणसं, दोन खोल्या, एक पंखा आणि एक कूलर. एप्रिलच्या मध्याला शहरात पहिला रुग्ण सापडला आणि पाच्छा पेठेकडचा भाग बांबू आडवे टाकून बंद झाला. पारा चाळिशीच्या वर. या आजाराला उष्णता अजिबात चालत नाही. अंगातलं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी झिजलेल्या धाग्यांतून निरोप जाईनासा होतो, जुनी दुखणी परत उभी राहतात. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं १८९० मध्ये हे लिहून ठेवलंय. एमआरआय यायच्या आधी तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून कुठलं अंग दगा देतं ते बघत. आमच्या सोलापुरात टबाची गरज नाही. दुपारी दोन वाजता दिवे गेले की माझी तपासणी सुरू.

टॉवेलचं गाव आहे, ते मात्र कामाला आलं. ओले टॉवेल घडी करून फ्रिजमध्ये ठेवायचे, आळीपाळीनं मानेवर टाकायचे. मानेवरून गार पाणी पाठीत उतरायचं आणि तेवढ्या वाटेवर मी परत माझी व्हायचे. गार पडल्यावर त्रास गेला तर तो उन्हाचा. नाही गेला तर? नियम असा आहे: ताप नाही, कुठला संसर्ग नाही, आणि तरीही नवं लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, तर तो अटॅक. म्हणजे प्रत्येक लक्षणाला एक दिवस द्यायचा. मी घड्याळाकडे बघून वहीत लिहायला लागले. 'डावा पाय, ४.२० पासून.' 'ओठाची उजवी कड, सकाळी ७.' गणिताची शिक्षिका आहे, तक्ते करणं माझ्या हातचं. त्या वहीत एप्रिल-मेची पन्नासेक पानं भरली आहेत आणि बहुतेक नोंदींपुढे 'गेलं' लिहिलंय. पण ते गेलं हे कळेपर्यंतचे तेवीस तास कुणालाच सांगता यायचे नाहीत. घरात सगळे पत्ते खेळत असायचे. मी बदाम सात लावता लावता पायाची बोटं हलवून बघायचे.

त्यात औषधाची तारीख. मला सहा महिन्यांनी एकदा पुण्याला जाऊन रिट्युक्सिमॅबची सलाईन घ्यावी लागते. दिवसभर खुर्चीत पडून राहायचं, थेंब थेंब. ते औषध शरीरातल्या बी-पेशी घालवतं. म्हणजे आपल्यावर उलटलेले पहारेकरी कमी होतात, पण पहाराही कमी होतो. एप्रिलमध्ये सलाईनची माझी पाळी होती. पास मिळवून पुण्याला गेले असते तर त्या दिवसांतल्या पुण्यात, त्यातही हॉस्पिटलमध्ये, पहारा उतरवून बसायचं. गेले नसते तर घरातच, आतून. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, थोडं पुढं ढकलू. 'थोडं' म्हणजे किती हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. तेव्हा जगात कुठल्याच डॉक्टरला ते सांगता येत नव्हतं. मी हात धुवायचे. इतके की मोज्यासारख्या त्या हाताच्या सालपटं निघालेल्या कातडीला साबण झोंबायला लागला, आणि झोंबतंय हे कळल्यावर मला आनंद झाला. हाताला काहीतरी कळत होतं.

आता जे लिहिणार आहे ते मी त्या वेळी कुणाशी बोलले नाही.

मला सुरुवातीचे काही आठवडे बरं वाटत होतं. भीतीच्या खाली, तळाशी, चक्क बरं वाटत होतं. शाळेच्या बावन्न पायऱ्या नव्हत्या. लग्न नव्हतं, वास्तुशांत नव्हती, 'तुम्ही बसूनच काय, चला की फुगडी घालायला' म्हणणारं कुणी नव्हतं. सहा वर्षं मी बेत मोडत आले होते, कारणं शोधत आले होते. आता सगळ्यांचेच बेत मोडले होते आणि कारण एकच होतं, शोधावं लागत नव्हतं. बाहेरून भाजी आली की तिच्याकडे संशयानं बघणं, उद्याचं काही न ठरवणं, अंगात जेवढं बळ आहे त्यात दिवस बसवणं, हे सगळं जग नव्यानं शिकत होतं आणि मला तोंडपाठ होतं. सगळे शेवटच्या बाकावर येऊन बसले होते. माणसं मरत होती, हजारो मजूर आमच्या हायवेनं उन्हातून चालत गावाकडे जात होते, आणि मला बरं वाटत होतं. ते मजूर मी टीव्हीवर बघायचे तेव्हा त्यांच्या पायांकडेच बघायचे. भेगाळलेले, चपला तुटलेले, पण एकापुढे एक पडणारे. त्यांचा हेवा वाटला एकदा. लगेच लाज वाटली. पण आधी हेवा वाटला, हे खरं.

मग ते बरं वाटणं नासायला लागलं. फोनवर जो तो म्हणायला लागला, "फार थकायला होतं गं हल्ली." थकवा हा माझा शब्द होता. या आजारातला थकवा म्हणजे दमणं नव्हे. सकाळी झोपून उठल्यावर अंगावर ओली गादी टाकलेली असते, दात घासायचा ब्रश उचलायच्या आधी ठरवावं लागतं की केस विंचरायचे की नाही. सहा वर्षं हे सांगायला मला शब्द मिळाला नव्हता, आणि आता जो तो तोच शब्द वापरून टाकत होता, वेब सीरिज बघून. मला राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही. मनूच्या चुकलेल्या पाढ्यावर निघायचा.

मेमध्ये ऑर्डर आली. शिक्षकांनी घरोघर जाऊन सर्वेक्षण करायचं, ताप, खोकला, किती माणसं. सूट हवी असेल तर आजाराचा दाखला. रात्रभर विचार केला आणि सकाळी अर्ज लिहिला. त्या आजाराचं नाव मी पहिल्यांदाच स्वतःच्या अक्षरात, मराठीत लिहिलं. 'स्क्ले' लिहिताना जोडाक्षर नीट जमेना. कार्यालयाच्या खिडकीत मास्क लावलेले एक गृहस्थ होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "स्क्लेरॉसिस म्हणजे लिव्हरचं का ओ, मॅडम?" मी म्हटलं, नाही, मेंदूचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. काठी नाही, खुर्ची नाही, साडी नीट. "दिसत नाही तसं," ते म्हणाले. वाईट हेतू नव्हता बिचाऱ्यांचा. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत या आजाराचं नाव स्पष्ट आहे, मी ते पाठ करून गेले होते, पण बोलले नाही. सही-शिक्का घेऊन बाहेर आले आणि रिक्षा नव्हतीच, तेव्हा सावल्या बघत बघत, दर दुकानाच्या पायरीवर बसत घरी आले.

त्याच आठवड्यात सासूबाईंना कळलं. दोन खोल्यांत अर्जाचा कागद किती लपवणार. त्या ओरडल्या नाहीत. चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी भाकरी थापता थापता, तोंड तव्याकडे ठेवून म्हणाल्या, "मला परकी समजलात." मी काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न आला, "मग मनूला पण होणार का?" तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारत होते, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कानशिलात बसल्यासारखं झालं. शक्यता अगदी थोडी असते असं मी सांगितलं, जे खरं आहे. त्यांनी भाकरी उलटली. "थोडी म्हणजे आहेच की." त्यानंतर याबद्दल आमच्यात धड बोलणं झालेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमधले टॉवेल त्या बदलायला लागल्या. ताकाचं पातेलं मागं सरकवून टॉवेलला जागा केली. माझी त्यांच्यावरची नाराजी आणि त्यांची माझ्यावरची, दोन्ही त्या फ्रिजमध्ये व्यवस्थित गार राहिल्या.

जूनमध्ये डॉक्टरांनी व्हिडिओ कॉल केला. फोन डब्याला टेकवलेला, मागे मनूचं टीव्हीवरचं कार्टून, शेजारी सासूबाई गवार मोडत बसलेल्या. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं. खोलीत सहा पावलं होती, ती चालून दाखवली. मग म्हणाले, "मूड कसा आहे?"

"डावा पाय जरा जड आहे सर."

"पायाचं नाही विचारलं मी."

मी म्हटलं, "छान आहे, सर. घरचे सगळे करतात." गवारीच्या शेंगा मोडल्याचा टक् टक् आवाज थांबला होता. फोन ठेवल्यावर तो परत सुरू झाला.

आपल्याकडे 'कशी आहेस' याला 'बरी आहे' हे उत्तर नसतं, ती एक पावती असते. प्रश्न मिळाला, आभारी आहे. दुखण्याचं विचारलं तर आपण कितीतरी तपशिलात सांगतो, कुठे चमक येते, कुठे ठणका लागतो, मुंग्या, रग, वांब, गोळा, कळ. शरीराच्या दुखण्याला मराठीत एवढे शब्द आहेत आणि मनाचं विचारलं की आपण पायावर येतो. कारण पाय कुणाच्याही देखत दाखवता येतो. त्या रात्री दीड वाजता मी डॉक्टरांना मेसेज केला. दोन शब्द. 'सर, येतं.' म्हणजे रडू. रोज यायचं, पण दुःख झाल्यासारखं नाही. नळाचा वायसर गेल्यासारखं. कणीक मळताना, सातवीचा पायथागोरस ऑनलाइन शिकवताना कॅमेरा बंद करून. सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, या आजाराच्या जवळपास निम्म्या लोकांना कधी ना कधी नैराश्य येतं, आणि ते फक्त आजाराचं वाईट वाटून येतं असं नाही. मेंदूतले डागही ते आणू शकतात. मी विचारलं, "मग हे रडू माझं की आजाराचं, ते कसं ओळखायचं?" ते थोडं हसले. "गोळी दोघांनाही लागू पडते."

तेव्हा मला ते उत्तर आवडलं नाही. मला हिशेब हवा होता. किती रडू महासाथीचं, किती डागांचं, किती सहा वर्षांच्या खोट्याचं, आणि उरलं तर माझं स्वतःचं किती. एका स्तंभात हे, एका स्तंभात ते, चोवीस तासांनंतर 'गेलं'. पण मनाला चोवीस तासांचा नियम लागू नाही. औषधाच्या दुकानातल्या पोरानं चिठ्ठी वाचून मोठ्यानं विचारलं, "ताई, ही झोपेची का?" मागे सहा-सहा फुटांवर आखलेल्या गोलांत चार माणसं उभी होती. मी म्हटलं, "हो." आणखी एक खोटं, पण लहान. तीन-चार आठवड्यांनी गोळीनं वायसर बसला. जग तसंच राहिलं, वहीतल्या नोंदी विरळ झाल्या.

त्या वर्षी आषाढी १ जुलैला होती. आळंदी-देहूच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, फुलांनी सजवलेल्या बसमधून. अण्णा अठरा वर्षं सोलापूरहून दिंडीबरोबर चालत जायचे. सत्तर किलोमीटर, परत आले की त्यांच्या धोतराला ओल्या मातीचा आणि बुक्क्याचा मिळून एक वास यायचा. त्या दिवशी त्यांनी टीव्हीवर बस बघितली आणि मला फोन केला. खूप वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "यंदा पांडुरंगानं तुला नि मला सारखंच केलं बघ." त्यांना मला जवळ घ्यायचं होतं, फोनवरून जेवढं घेता येतं तेवढं. माझे डोळे भरले आणि त्याच वेळी मनात कडवट काहीतरी उठलं: सारखं नाही, अण्णा. तुमची बस एक-दोन वर्षांची आहे. पुढच्या वर्षीही बसच होती. २०२२ मध्ये वारी पायी निघाली, अण्णा गेले, पायाला फोड घेऊन आले, आणि मला ते फोड दाखवताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी फोडांना हळद लावली आणि गप्प बसले.

पंगत उठली होती आणि माझं जेवण व्हायचं होतं, असं ते दिवस. दिवाळीनंतर नववी-दहावीचे वर्ग भरायला लागले, मग लग्नं, मग जत्रा. दुसऱ्या लाटेनं सगळ्यांना परत आत ढकललं. त्या एप्रिलबद्दल मी लिहिणार नाही, ते ज्यानं त्यानं आपापल्या घरी पाहिलंय. आमच्या वयाच्या लोकांची लस मध्येच थांबून जूनच्या अखेरीला सुरू झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुमच्या औषधामुळे प्रतिपिंडं कितपत तयार होतील सांगता येत नाही, तरी घ्या. मी घेतली. केंद्रावर सगळे सेल्फी काढत होते. मी दंड चोळत बसले आणि आतल्या पहारेकऱ्यांना मनातल्या मनात विनवत राहिले.

त्याच सुमारास मी आणखी एक फोन केला, जो सात वर्षं केला नव्हता. या आजाराच्या लोकांसाठी काम करणारी संस्था देशात १९८५ पासून आहे, नंबर माझ्याकडे निदानाच्या दिवसापासून होता. तिथून ओळखीनं ओळख निघाली आणि रविवारी संध्याकाळी स्क्रीनवर सात-आठ चौकोनांत आम्ही भेटायला लागलो. मुंबईच्या एक बाई पलंगावरूनच बोलायच्या, फोन त्यांची मुलगी धरायची. पहिल्याच दिवशी मी लॉकडाऊनचं रडगाणं गायले. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझ्या लॉकडाऊनचं नववं वर्ष चालू आहे. पण या वर्षी फोन जास्त येतात, मजा आहे." मग त्यांनी त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या कावळ्याचं घरटं दाखवलं. कावळ्यानं त्यात तारेचे तुकडे, हँगरची वायर असं काय काय कोंबलं होतं. आम्ही पंधरा मिनिटं त्या घरट्याबद्दल बोललो. आजाराचा विषय निघाला नाही.

शार्कोच्या मोलकरणीबद्दल मी या दिवसांतच वाचलं. पॅरिसच्या साल्पेट्रियेर रुग्णालयातल्या या डॉक्टरनं १८६८ मध्ये आमच्या आजाराला नीट ओळख दिली. दीर्घ काळचं दुःख आणि मनस्ताप यांचा या आजाराशी संबंध असावा, असंही त्याला वाटायचं. तो वारला तेव्हा, १८९३ मध्ये, फ्रॉइडनं त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात एक बाई येते. तिचे हात विचित्र थरथरायचे, वेंधळेपणामुळे तिला कुठे काम मिळत नव्हतं. तरुण शार्कोनं तिला कामावर ठेवलं आणि वर्षानुवर्षं ठेवून घेतलं, जरी तिनं फोडलेल्या बशा-ताटांपायी त्याचे भरपूर पैसे गेले. ती मेल्यावर त्याला दाखवून देता आलं की तिचं ते थरथरणं याच आजाराचं होतं.

बशा-ताटं. मी ते वाक्य परत परत वाचलं. फ्रॉइडनं तिचं नाव दिलेलं नाही. ताटं किती फुटली याचा अंदाज आहे, पण फुटल्यावर ती काय करायची ते नाही. ओशाळायची? मालक आपल्याला का ठेवून घेतोय हे तिला माहीत असेल? तो हातातल्या ताटाकडे न बघता तिच्या हाताकडे बघतोय, हे कळल्यावर तिचे हात आणखी थरथरत असतील का? की ती हसायची? मला वाटतं ती हसत असणार. पहिल्या ताटाला रडू येतं, पुढच्या ताटांना हसण्याशिवाय काय करणार. आणि चिनी मातीची ताटं ती. फुटली की तुकडे गोळा करून फेकून द्यायचे, संपलं. आमचं स्टीलचं. वॉचमननं ते त्याच संध्याकाळी सॅनिटायझर मारून आणून दिलं होतं.

मग २०२२ च्या जानेवारीत बातमी आली: अमेरिकन लष्करातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी तपासून निघालं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या आजाराचा धोका बत्तीस पट होतो. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधीतरी होऊन जातो, लहानपणी साध्या तापासारखा, आणि फार थोड्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी असा उलटतो. मी आईला विचारलं, मला लहानपणी कुठला ताप आला होता? आई म्हणाली, "ताप काय, सगळ्यांनाच यायचे." सगळं जग नव्या विषाणूला घाबरून दारं लावत होतं तेव्हा माझा विषाणू कधीचा येऊन, बसून, चहा घेऊन गेला होता. खळखळून हसू आलं मला. ते हसू मात्र खरं होतं, त्यात कुणाला दाखवायचं काही नव्हतं.

तर गेल्या महिन्यातली ती रात्र. ताट वाजलं, मी उठले, चळत सरळ केली. डावा हात आता बरा असतो, थंडीत तरी. दुसऱ्या दिवशी रविवार. मनू जेवायला बसली, तिनं नेमकं तेच ताट ओढलं. ते तिला आवडतं, दुसऱ्या कुणाच्या पानात गेलं की चिडते. मी म्हटलं, "मनू, ते मी फेकलं नव्हतं."

"काय?"

"ताट. हात सुटला होता. तू आजोबांकडं बघ म्हणालीस ना, मी बघितलं, आणि सुटलं."

तिला माझ्या आजाराचं सगळं माहीत आहे, सुया, तारखा, टॉवेल, सगळं. हे माहीत नव्हतं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मग तू हसलीस का?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आमटी गार होते आहे." मी मनूच्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं ते शोधत होते. ती थांबली होती, हे मला जाणवलं. एरवी ही पोरगी कुणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, "काय माहीत. सगळे हसत होते."

"हं," ती म्हणाली. "पण मी आता मैत्रिणींना काय सांगू?"

"तुला हवं ते सांग."

तिनं आमटी वाढून घेतली. त्या ताटात आमटी पोच्याकडे पळते आणि तिथं साचते. शेवटी ती भाकरीच्या तुकड्यानं कोपऱ्यातून पुसून घ्यावी लागते, आणि मनू ती नेहमीच शेवटपर्यंत पुसून खाते.